फ्यूज बॅटरीपाशी हवा

मोटारीत बिनतारी संच बसवू इच्छिणारे हौशी लोक संचाची शक्ती आणि एरियलची जागा यांविषयी आस्थेने विचारतात. परंतु बॅटरीपासून संचापर्यंत जाणाऱ्या तारेची चौकशी क्वचितच कोणी करतो, आणि माझ्या मते प्रवासाच्या सुरक्षिततेचा निम्मा निकाल त्या तारेवरच लागलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात एका परवानाधारक मित्राबरोबर बोरघाट चढत असता रबर जळाल्यासारखा उग्र वास आला, म्हणून गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले, तो इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून रबरी कडे न बसवताच तार ओवलेली, पत्र्याच्या धारेने तिचे आवरण कापून तांबे उघडे पडलेले, आणि फ्यूज मात्र पार संचाच्या पाठीशी, म्हणजे बिघाडाच्या पलीकडे! ५० वॉटचा संच बोलताना १० ते १२ अँपिअर प्रवाह घेतो; पण तार पत्र्याला टेकली की तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते, आणि फ्यूज वाटेत नसल्यामुळे तो प्रवाह अडवणारे कोणीही उरत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. सिगारेट पेटवण्याच्या खाचेतून एवढा प्रवाह घेणेही गैर. एरियल छताच्या मध्यावर असावे, म्हणजे आतल्या माणसांना पत्र्याचा आडोसा मिळतो; आणि एअरबॅगच्या वाटेत संच कदापि नसावा.

राहिला प्रश्न बोलण्याचा. हाती संपर्काचे साधन घेऊन गाडी चालवणे मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक मानते. पण कायदा बाजूस ठेवला तरी, शेजारी बसलेला माणूस अवघड वळण पाहून आपोआप गप्प होतो आणि बिनतारीवरच्या माणसाला ते वळण दिसतच नाही, हा भेद प्रत्येक चालकाने मनात बाळगावा. पोलिसांच्या गाडीत एकजण चालवतो व दुसरा बोलतो. एकट्या हौशी माणसाला ही सोय नसते. जेथे सुरुंग लावण्याचे काम चालू असल्याची पाटी दिसेल, तेथे तर संच बंदच करावा, कारण विजेवर उडणाऱ्या सुरुंगाच्या तारा एरियलप्रमाणे लहरी पकडतात.

मित्राने तार नव्याने घातल्यावर आम्ही पुन्हा त्याच घाटाने गेलो. ऐन वळणावर पुण्याहून त्याच्या संकेतनामाचा पुकारा झाला, थोड्या वेळाने पुन्हा झाला. त्याने माईकला हात लावला नाही. लोणावळ्यात गाडी कडेला उभी करून त्याने बटण दाबले, तेव्हा पलीकडचे गृहस्थ तेथेच थांबलेले होते.