काचेच्या पेटीतील नागपंचमी

श्रावण शुद्ध पंचमीस घरोघरी पाटावर नाग रेखाटले जातात, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला जातो. त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही. म्हणूनच दिंडे उकडावयाची. नांगराच्या फाळाखाली नागाची पिले सापडली, त्या कहाणीची आठवण ठेवून आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हा नेम आहे.

गेल्या श्रावणात आमचे कीर्तन वसईस होते. आरती आटोपल्यावर एक वृद्ध बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, विरारला आमच्या घरात खराच साप आहे. नातवानं काचेच्या पेटीत पाळलाय. दर पंधरा दिवसांनी तो बाजारातून पांढरा उंदीर आणतो नि जिवंतच आत सोडतो. त्याचे मित्र बघायला जमतात, मोबाइलवर चित्रं काढतात. मग पंचमीला मी पूजा कुणाची करायची, आणि पाप कुणाला लागतं?" आम्हांला तेव्हा उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

हा साप बहुधा 'बॉल पायथन' या नावाने विकला जाणारा आफ्रिकेतील लहान अजगर असावा. आपल्याकडील नाग, धामण, अजगर घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी सापांविषयी तो कायदा पुष्कळ वर्षे मौन बाळगून होता. २०२२ च्या दुरुस्तीने ते मौन सुटले आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची शासनाकडे नोंदणी आवश्यक ठरली. तरी हौस थांबलेली नाही. २०२५ मध्ये थायलंडहून मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून कित्येक विषारी साप निघाले! सापाची एवढी चौकशी होते, ती योग्यच आहे. परंतु त्याच्या घासाची चौकशी कोणी करावी?

मूषक हा शब्द 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूवरून आला आहे. परंतु पिंजऱ्यात जन्मलेल्या या पांढऱ्या जीवाने कोणाच्या कणगीतला दाणा चोरला? सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भवासानंतर तो आंधळा, केसाविना जन्मतो. दोनेक आठवड्यांनी डोळे उघडतात. आयुष्य फार तर दोन-तीन वर्षांचे, तेही त्याला गोतावळ्यात काढावयाचे असते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका उंदरास नळीत कोंडले की दुसरा खटपट करून तिचे दार उघडण्यास शिके. शेजारी चॉकलेट ठेवले तरी तो सोबत्याला सोडवी आणि पुष्कळदा त्यातले काही त्याच्यासाठी शिल्लकही ठेवी. असा जीव आपल्याकडे दाटीच्या पिंजऱ्यातून उचलून पिशवीत घालून दिला जातो, आणि मग काचेच्या आत, जेथे लपावयास बीळ नाही, तेथे सोडला जातो. सापास भूक नसेल तर तो उंदीर तासन्‌तास तेथेच राहतो, आणि पुष्कळदा भयाने वा भुकेने सापालाच कुरतडतो. अशा चाव्यांनी पाळीव साप गंभीर जखमी होतात.

भर्तृहरीने नीतिशतकात गारुड्याच्या करंडीतला एक साप वर्णिला आहे. उपासाने गलितगात्र झालेला, आशा सुटलेला. रात्री एक उंदीर करंडी कुरतडून आपण होऊन त्याच्या तोंडी पडतो. साप तृप्त होतो आणि त्याच छिद्रातून निघून जातो. कवीस तेथे दैवाची सत्ता दाखवावयाची होती. कीर्तनात हा श्लोक आम्ही अनेकदा निरूपणास घेतला, पण विरारच्या त्या बाईंमुळे तो प्रथमच टोचला. त्या करंडीला निदान छिद्र पडू शकत होते. काचेच्या पेटीत सापालाही वाट नाही आणि उंदरालाही नाही. दैवाच्या जागी तेथे एक मुलगा उभा आहे आणि त्याच्या हातात मोबाइल आहे.

या ठिकाणी कायदा आपल्या समजुतीहून स्पष्ट आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्यास कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य बनविणे ही क्रूरता म्हटली आहे. २०१८ च्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या नियमांत कुत्र्या-मांजरांबरोबर उंदरांचाही उल्लेख आहे. तेव्हा 'तो काय, सापाचा खाऊ' असे म्हणून दुकानदाराने हात झटकणे बरे नव्हे.

आणि हा विषय वसईच्या मातीत नवा नाही. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा तुकडा सापडला. त्या नवव्या लेखाचा विषय मंगलविधी हाच आहे. आजारपण, विवाह, प्रवास अशा प्रसंगी लोक, विशेषतः स्त्रिया, नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरा विधी म्हणजे सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे, असे सम्राट सांगतो. स्त्रियांच्या विधींना त्याने क्षुल्लक लेखले, ते मात्र आम्हांला मान्य नाही. पंचमीस विळी बाजूला ठेवणारी बाई वेगळे काय करते?

त्या बाईंना नंतर कळविले ते असे. साप मांसाहारीच आहे, त्याला दूध पाजणे ही त्याची हत्याच. उंदीर नको असेल तर सापच आणू नये. आणलेला आता तुंगारेश्वरच्या रानात सोडू नये. परदेशी जीवाने तेथे मरावे किंवा तेथल्या जीवांना मारावे, दोन्ही वाईट. पाळीव सापांना मेलेला, कोमट केलेला उंदीर घेण्याची सवय लावता येते. तो जाणकाराच्या हातून वेदनेविना मारलेला असावा, आणि जिवंत असेतो त्याला पाणी, गवत व सोबत मिळालेली असावी. जीव जातोच, हे खरे. पण भयाचे ते तास आणि तो तमाशा टळतो. आणि हो, आपल्याच घरात चिकटपट्टीवर रात्रभर तडफडणाऱ्या उंदराकडेही एकदा पाहावे.

यंदा त्यांचा निरोप आला. नातू आता गोठविलेला उंदीर चिमट्याने देतो. मित्र येईनासे झाले आहेत. मात्र नैवेद्याचे दूध असलेल्या फ्रिजमध्ये उंदीर ठेवू द्यायला बाई तयार नाहीत. त्यावरून घरात गेले दोन महिने वाद चालू आहे.