होडीवरचा संसार

परवा दुपारी आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी माझ्याकडे आल्या. हातात कॉलेजचा एक फॉर्म. मुलगी एस.वाय.ला आहे आणि एनसीसीच्या नौदल विभागात आहे. कोकण किनाऱ्याने शिडाच्या होड्यांतून दहा दिवसांची मोहीम निघणार होती, त्यासाठी पालकांची सही हवी होती. ‘‘ताई, ती तुमचं ऐकते. तिला जरा समजावून सांगा ना,’’ म्हणाल्या. समजावून सांगा म्हणजे अर्थातच, जाऊ नको असं सांगा.

मी विचारलं, ‘‘भीती नेमकी कशाची वाटते?’’ तर एकेक बोट दुमडत त्यांनी यादीच सांगितली. तिला पोहता येतं, पण तलावात. समुद्रात काय? रात्री झोपणार कुठे? बाथरूमचं काय? मध्येच पाळी आली तर? खाणार काय? आणि शेवटी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता हळूच, ‘‘लोक म्हणतील, मुलगी खलाशी झाली.’’

मैत्रिणींनो, खरं सांगू? शेवटचा सोडला तर यातला एकही प्रश्न मला खुळचट वाटला नाही. होडीवर राहायचं म्हटलं की आधी हेच प्रश्न पडायला हवेत. परदेशात निवृत्तीनंतर घर विकून शिडाची बोट घेणारी आणि कॅरिबियन किंवा पॅसिफिकमधल्या बेटांमधून वर्षानुवर्षं फिरणारी जोडपी आहेत. त्यांचे फोटो पाहिले की निळंशार पाणी, नारळाची झाडं नि मावळता सूर्य दिसतो. भांडी कोणी घासली ते फोटोत दिसत नाही. म्हणून मी वहिनींना फोटो न दाखवता ‘तारिणी’ची गोष्ट सांगितली.

‘तारिणी’ ही आपल्या नौदलाची शिडाची नौका, लांबी सुमारे ५६ फूट. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यात परतल्या. पुढे लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी ही नौका हाती घेतली. आधी त्या दोघीच गोव्याहून अंदमानात पोर्ट ब्लेअरला जाऊन आल्या, मग २०२४ च्या सुरुवातीला मॉरिशसच्या पोर्ट लुईसपर्यंत. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ ला पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या त्या २९ मे २०२५ ला परत आल्या. जवळजवळ आठ महिने आणि सुमारे २५,००० सागरी मैल, म्हणजे ४६,००० किलोमीटरच्या आसपास. बोटीत दोघीच. एक झोपली की दुसरी जागी.

‘‘दोघीच?’’ वहिनींनी दोनदा विचारलं.

आता त्यांच्या यादीकडे वळू. झोपायचं कुठे? बोटीच्या पोटात अरुंद फळीवर. बोट एका अंगावर कलून चालते, म्हणून फळीच्या कडेला कापड ताणून बांधतात, झोपलेली बाई गडगडून खाली पडू नये म्हणून. तान्ह्या बाळाच्या झोळीचीच ही मोठी बहीण. चूलही झोक्यासारखी टांगलेली असते. बोट हलली तरी पातेलं सरळ राहतं. तरी भात करणारीने स्वतःला पट्ट्याने बांधून घ्यावं लागतं ते वेगळंच! अंडी अधूनमधून उलटीपालटी करून ठेवली तर जास्त दिवस टिकतात. कांदे, बटाटे, लिंबं, कोबी यांच्या जिवावर आठवडे काढायचे. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर नेत नाहीत, कारण त्यात झुरळांची अंडी असतात. सामान धक्क्यावरच मोकळं करून घेतात. आणि ताजी भाजी संपली की लांबच्या प्रवासातली माणसं काय करतात, तर कडधान्याला मोड आणतात. हे ऐकून वहिनी पहिल्यांदा हसल्या. मटकी आणि समुद्र यांचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पाण्याचं मात्र मी जरा सविस्तर सांगितलं. चहूकडे पाणी आणि प्यायला मोजून मापून, ही होडीची रोजची तऱ्हा. खारं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी त्याला वीज लागते आणि ते बिघडलं तर मधल्या समुद्रात दुरुस्त करायला कोणी येत नाही. म्हणून आंघोळ खाऱ्या पाण्याने आणि शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा. कपडे खाऱ्यात धुतले की धड वाळतच नाहीत, कायम दमट. पाऊस आला की शिडावरून ओघळणारं पाणी धरायचं, पण पहिल्या सरीचं नाही. तिने शिडावरचं मीठ धुऊन जायचं, मग बादली लावायची. सांगता सांगता मला आमचीच जुनी वर्षं आठवली. नवरा कामावर, मूल कडेवर आणि पाणी एक तास. पिंप, कळशी, हंडा, शेवटी गॅसवरचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग हंडा लावायचा. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, एकाने पाय पसरले की दुसऱ्याने आवरायचे. भाईंदरच्या बाईला होडीवरच्या घरात नवीन ते काय? फक्त जमीन हलते एवढंच.

बाथरूम असतं, लहान असतं, आणि तिथलं पाणी हाताने पंप मारून सोडावं लागतं. पाळीबद्दलही मी स्पष्टच बोलले. सहा बायका आठ महिने समुद्रावर होत्या, त्यांनी काही महिन्यांची रजा घेतली नव्हती. लागणारं सामान मोजून न्यायचं, वापरलेलं पिशवीत बांधून बंदरापर्यंत सांभाळायचं. प्लॅस्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहे. (किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला ही शिस्त कधी लागणार? उत्तनच्या कोळणींना विचारा, जाळ्यात म्हावऱ्याबरोबर काय काय येतं ते.) गंमत अशी की बोटीवर जागरणाची वाटणी असते, तिलाही ‘पाळी’च म्हणतात. ती चुकवली तर मात्र खैर नाही.

उत्तनचं नाव निघालंच आहे तर सांगते. बचतगटाच्या कामासाठी मी तिथे बरीच वर्षं जाते. बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका, त्यांचा तो भराभर हात. त्यांचे पुरुष होडी घेऊन जातात ते कधी कधी आठवडाभर परतत नाहीत. तांडेल आणि खलाशी होडीवरच राहतात, तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. जमिनीवर असताना ज्याने उठून पाण्याचा पेला घेतला नाही, तो तिकडे कालवण चांगलं करतो म्हणे! मासळी धक्क्याला लागली की पुढचा सगळा कारभार बाईचा. विकणं, वाळवणं, पैशांचा हिशेब, होडीच्या कर्जाचा हप्ता. पण मासेमारीला बाईने होडीवर जायचं नाही ही रीत. मी एका म्हाताऱ्या कोळणीला विचारलं होतं, तुम्हाला कधी जावंसं वाटलं नाही? तर ती म्हणाली, वाटून काय करू, घरी भाकरी कोण करील? समुद्राचं भय तिच्या बोलण्यात नव्हतं, भाकरीची अडचण होती. हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आणि बाई समुद्रावर नवीन आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या रत्नागिरीकडच्या, घाटावरच्या कुटुंबांतली माणसं मुंबईहून जहाजात बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यांत राबायला गेली, त्यांत बायकाही होत्या. शिडाची जहाजं, अनेक आठवडे समुद्रावर, हौस म्हणून नव्हे तर पोटासाठी. त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आज तिथे थाटाने गणपती बसवतात. एप्रिल २०१८ मध्ये ‘तारिणी’च्या सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा त्या सहा जणींनी नौका दुरुस्तीसाठी नेली ती याच पोर्ट लुईस बंदरात. कुणाच्या पणजीने बोचकं घेऊन जिथे पाय ठेवला, तिथे या स्वतः सुकाणू धरून पोचल्या.

भीती खोटी आहे असं मात्र मी वहिनींना सांगितलं नाही. खोटं सांगून सही घ्यायची नव्हती. विषुववृत्ताजवळ वारा पडला की शीड लोंबतं, बोट जागच्या जागी डुलत राहते, आत भट्टीसारखं तापतं आणि मग अचानक काळा ढग येऊन झोडपून जातो. एकट्याने कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये शर्यतीत असताना हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला मार लागला, तीन दिवस ते हलू न शकता पडून होते. मग एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. दिलना आणि रूपा यांना शिकवलं ते याच टॉमींनी. ज्याने मार खाल्ला आहे, त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरी बेफिकीर कशा होतील? दोघींची तयारी तीन वर्षांची होती. कॉलेजची दहा दिवसांची मोहीम किनारा धरून जाणार, सोबत शिक्षक, अंगात तरंगतं जाकीट, बरोबर सुरक्षेची बोट. आपण मुलीला विरार लोकलच्या दारात लोंबकळत पाठवतो, तेव्हा यातलं काय असतं हो?

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या शहराच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मध्ये मिठागरं. आमच्या महिला मंडळात मी विचारलं, पोहायला कोणाला येतं? दोन-तीनच हात वर झाले आणि त्या दोघी-तिघी गावाकडे विहिरीत शिकलेल्या. आमच्या भागातल्या एका तरण तलावावर बायकांची वेळ होती भर दुपारची, शाळेतून मुलं घरी यायची तीच. कोण जाणार? तुमच्या गावात नदी असेल, धरण असेल, तलाव असेल. तिथेही मुलगे उड्या मारतात आणि मुली काठावर कपडे सांभाळतात, हो ना? पोहण्याची वेळ सकाळी सहाची मिळावी, शिकवायला बाई असावी, यासाठी चार जणींनी अर्ज घेऊन जायला काय हरकत आहे? आम्ही दोनदा गेलो. अजून उत्तर नाही, तिसऱ्यांदा जाणार आहोत.

हॉलंडच्या लॉरा डेकरने तेराव्या वर्षी जाहीर केलं की मी एकटी जगप्रदक्षिणा करणार, तेव्हा तिकडचं सरकार कोर्टात गेलं. २०१० मध्ये परवानगी मिळाली आणि जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, कॅरिबियनमधल्या सिंट मार्टन बेटावर तिने प्रदक्षिणा पुरी केली. तेराव्या वर्षी एकटीला पाठवावं असं मी कधीच म्हणणार नाही. आई म्हणून माझाही जीव वर-खाली होईल. पण तिकडे वाद झाला तो वयाचा, शाळेचा, सुरक्षेचा. आपल्याकडे एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल वाद होतो तो ‘लोक काय म्हणतील’चा. लोकांचं म्हणाल, तर ११ सप्टेंबर २०२५ ला तिन्ही सेनादलांच्या दहा महिला अधिकारी ‘त्रिवेणी’ नौकेतून गेट वे ऑफ इंडियाहून नऊ महिन्यांच्या प्रदक्षिणेला निघाल्या, त्यांच्या प्रमुख होत्या लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर. आपल्यातलंच आडनाव. तेव्हा टाळ्या वाजवणारेही लोकच होते.

एवढं बोलूनही सही झाली नव्हती. मग मी वहिनींना म्हटलं, चला, आधी तुम्ही होडीत बसा. बावीस वर्षं त्या रोज लोकलने फिरल्या, खाडीपुलावरून देवाला नाणं टाकलं, पण पाण्यावर कधी गेल्या नव्हत्या. भाईंदर ते वसई रो-रो बोट २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्यात आम्ही दोघी नि त्यांची लेक अशा तिघी चढलो. सुरुवातीला वहिनींनी कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली. मुलगी मात्र कुठल्या बाजूने वारा आहे, भरती आहे की ओहोटी, ते सांगत सुटली. अर्ध्या वाटेत वहिनींनी पदर कमरेला खोचला आणि कठडा सोडून उभ्या राहिल्या. तिथल्या खलाशाला विचारलं, ‘‘दादा, इथे खोल किती आहे हो?’’ त्याने सांगितलं. त्या खाली वाकून बघत राहिल्या.

सही त्यांनी घरी जाऊन केली. रात्री मला फोन आला. ‘‘ताई, पुठ्ठ्याचं खोकं चालत नाही म्हणालात ना? मग लसणाची चटणी कशात देऊ, स्टीलच्या डब्यात की प्लॅस्टिकच्या?’’