नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी फाइल एक्स्प्लोरर नीट लावा



आपल्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड एकत्र येतात. सगळी गाडी तिथेच येऊन अडकते. तुमच्या कॉम्प्युटरमधल्या डाउनलोड्स फोल्डरचंही तेच आहे. पार्टीचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, लग्नाची पत्रिका, सगळं एकाच ठिकाणी! मग सीए एक बिल मागतो आणि अर्धा दिवस शोधाशोधीत जातो. लगेच वाटतं, एखादं सॉफ्टवेअर घेऊन टाकू.

माझं मत स्पष्ट आहे: आत्ताच पैसे घालू नका. विंडोजमधला फाइल एक्स्प्लोरर फुकट आहे. फक्त तो आला तसाच वापरू नका, आपल्या धंद्याप्रमाणे लावून घ्या.

१. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. हे मुळात बंद असतं. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते. ते बिल नसतं, प्रोग्राम असतो. डबल क्लिक केलं की व्हायरस घरात!

२. व्ह्यूमध्ये 'डिटेल्स' निवडा. तारीख, प्रकार, साइज एका ओळीत दिसतं.

३. चालू वर्षाचे विक्री, खरेदी आणि बँक हे तीन फोल्डर क्विक अ‍ॅक्सेसला पिन करा. विंडोज आणि ई ही बटणं एकत्र दाबली की समोर हजर.

४. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पुढे पार्टीचं नाव आणि बिल नंबर. फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. बिल नंबरात तिरकी रेघ चालते, पण विंडोज ती फाइलच्या नावात घेत नाही. तिथे आडवी रेघ द्या.

काही जण म्हणतात, "सर्च आहे की!" अहो, पण 'स्कॅन००१२' नावाच्या फोटोत कुठल्या पार्टीचं बिल आहे, हे सर्चला कसं कळणार?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे सहा वर्षं! तेवढ्या काळात कॉम्प्युटर बदलेल, कामावरचा माणूसही बदलेल. तुम्ही दुकानात नसताना दुसऱ्याला ते बिल दोन मिनिटांत सापडलं, तरच धंदा नीट लागला म्हणायचं.

आज दुकान बंद करण्याआधी अर्धा तास काढा. सुरुवात पहिल्या सेटिंगपासून करा.