घास अडकतो की नुसता गोळा वाटतो?

घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, गळा आवळल्यासारखा होतो, आवंढा गिळताना तर फारच. ही तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या, त्यातही बाईच्या, पदरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट पडते: उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी, नाहीतर ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतंही. पण ज्यांचं भागत नाही, ते याच गर्दीत हरवतात.

घशातला हा गोळा बहुतेकदा निरुपद्रवी असतो, हे आधी सांगायला हवं. घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते आवळलेलं राहतं आणि घास आला की सैल पडतं. मनावरचा ताण, पोटातून वर येणारं आम्ल, सारखं खाकरत राहण्याची खोड यांनी हा भाग हुळहुळा होतो आणि तिथे काही नसतानाही गोळा जाणवत राहतो. त्याची खूण सोपी आहे. नुसती थुंकी गिळताना तो छळतो, पण पानावर बसलं की विसर पडतो. भाकरी, शेंगदाणे सगळं विनासायास उतरतं.

घास अडकणं हे प्रकरण निराळं.

आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा, असा त्रास चढत गेला तर वाट अरुंद होत चालली आहे असं समजावं. अन्ननलिकेचा कर्करोग असाच पायरीपायरीने दिसू लागतो. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल, तर अकॅलेशियाची शंका येते. त्यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप उघडायचं विसरते. थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने १६७४ मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत लिहिली. देवमाशाच्या हाडाच्या टोकाला स्पंज बांधून तो गृहस्थ प्रत्येक जेवणात अन्न खाली ढकलत असे, आणि वर्षानुवर्षं जगलाही! आज दुर्बिणीतून ती झडप सैल करता येते.

आपल्याकडे स्पंज नाही, पण युक्त्या पुष्कळ. भाकरी आमटीत कुस्करायची, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घ्यायचा, सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटीने सावकाश जेवायचं. घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. वजन उतरलं की उपास-तापासाला बोल लावला जातो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण तपासायला हवं. शरीरातलं लोह दीर्घकाळ कमी राहिलं, तर काहींच्या अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होतो आणि घास तिथेच अडखळतो. पॅटरसन आणि ब्राउन केली यांनी १९१९ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. जीभ गुळगुळीत होऊन झोंबते, ओठांचे कोपरे चिरतात, नखं खोलगट होतात. विकार दुर्मीळ, पण पुढे त्या भागात कर्करोगाचा धोका वाढवणारा. वेळीच लोह मिळालं तर बरंचसं निभावतं, काहींना पडद्यापाशी वाट रुंदावून घ्यावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात घास अडकतो म्हणणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन न बघता तिला टेन्शनचं कारण सांगणं हा निव्वळ आळस आहे. त्यात मिशरी किंवा तंबाखू असेल तर तो आळस महागात पडतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे कुठल्याही पानटपरीसमोर उभं राहिलं की कळतं.

सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांवर भर आहे, आणि तो योग्यच. अन्ननलिकेची अशी सरसकट तपासणी परवडणारी नाही. पण तक्रार घेऊन समोर आलेल्या रुग्णाला ‘जेवताना अडकतं की एरवी? भाकरी की पाणीही?’ एवढं विचारायला यंत्र लागत नाही. इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गिळायला त्रास होत असलेल्या रुग्णाची, वय काहीही असो, दुर्बिणीने तपासणी तातडीने व्हावी लागते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दुर्बीण नाही, हे मान्य. तिथे रक्त तपासता येतं, वजन करता येतं आणि जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिता येते. त्या चिठ्ठीवर ‘ॲसिडिटी’ऐवजी ‘घास अडकतो, वजन घटलं’ असं लिहिलं, तर पुढच्या डॉक्टरला रांगेतल्या कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवता येईल.