पिल्लू लंगडतंय? ‘मोठं झालं की थांबेल’ म्हणू नका

पेशंट तपासून झाल्यावर कधी कधी कुणीतरी हळूच विचारतं, "डॉक्टर, आमचं लॅब्राडॉर सहा महिन्यांचं आहे, पुढच्या पायाने लंगडतं. तुमचीच एखादी दुखण्याची गोळी देऊ का?" मी माणसांचा डॉक्टर, पण याचं उत्तर मला ठाऊक आहे : मुळीच नाही. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊ शकतो, किडनी निकामी होऊ शकते.

कुत्र्याच्या कोपरात तीन हाडं एकत्र येतात. लॅब्राडॉर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत कधी कधी ती वाढताना नीट जुळत नाहीत. याला ‘एल्बो डिस्प्लेसिया’ म्हणतात. दोष बहुधा आनुवंशिक असतो, पण लंगडणं दिसतं ते चार-पाच महिन्यांनंतर. कुणाच्या सांध्यात हाडाचा तुकडा सुटतो. जर्मन शेफर्डमध्ये कोपरामागचं टोक पाच महिन्यांपर्यंत जुळायला हवं, ते कधी कधी सुटंच राहतं. दोन्ही कोपरं दुखत असतील तर लंगडणं लक्षातही येत नाही. पिल्लू नुसतं आखूड पावलं टाकतं, खेळताना लवकर बसतं.

म्हणून वाट पाहू नका. व्हेटरनरी डॉक्टर एक्स-रे काढतील. बारीक तुकडा त्यात दिसला नाही तर सीटी स्कॅन सुचवतील. सुटा तुकडा दुर्बिणीने काढता येतो. सुटं टोक स्क्रूने बसवतात किंवा शेजारचं अल्ना हाड कापून त्यावरचा ताण कमी करतात. हे वाढीच्या वयातच केलं तर टोक जुळण्याची शक्यता जास्त असते.

पण ऑपरेशनने सांधा नवा होत नाही. संधिवात पुढेही होऊ शकतो, आणि तो लांबवणं तुमच्या हातात आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर जन्मभर अभ्यास झाला. ज्यांना 25 टक्के कमी खाणं दिलं ते सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवाताचे उपचार उशिरा लागले. ऑपरेशनला पैसे मोजणारे आपण, लाडाने पिल्लाला जाड करतो, मनानेच कॅल्शियमचं टॉनिक पाजतो. मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम हाडांसाठी अपायकारकच ठरतं.

आणि पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईवडिलांच्या कोपरांचे एक्स-रे मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर ते पिल्लू घेऊ नका.