मोटर जळते की जाळली जाते?



घाटकोपर-बोरिवलीच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर आणि आपल्या विहिरीवरची मोटर, दोन्हींच्या पोटात तांब्याचीच तार असते. तिथली वर्षानुवर्षे चालते, आपली हंगाम संपायच्या आत भरायला टाकावी लागते. वर ऐकून घ्यावे लागते, की शेतकऱ्याला मोटर वापरता येत नाही. एकदा हिशेबच मांडू.

तारेने किती अँपिअर वाहायचे हे तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. मोटर भरताना साधारणपणे दर चौरस मिलिमीटर तांब्याला ४ ते ५ अँपिअर धरतात. ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर ओढते. डेल्टा जोडणीत एका फेजच्या वेटोळ्यातून त्यातले ४.६ जातात. १८ गेजची तार १.२२ मि.मी. जाड, क्षेत्रफळ १.१७ चौ. मि.मी. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ४ अँपिअर. काम चोख.

जाड तार खाचेत बसवणे अवघड, म्हणून मिस्त्री बारीक तारांचे पदर एकत्र घेतो. त्यात वावगे काही नाही. पण २३ गेजची तार ०.६१ मि.मी., म्हणजे १८ गेजच्या निम्मी जाड. दोन पदर पुरतील असे वाटते. नाही पुरत. जाडी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होते, म्हणून चार पदर लागतात. तीनच घातले तर पाव तांबे कमी झाले. मोटर चालू होते, पाणीही फेकते, आणि आतून तापत राहते.

आता लाइनीकडे पाहा. १९५६ च्या वीज नियमांनी व्होल्टेजमध्ये ६ टक्क्यांचीच घट मान्य केली होती. म्हणजे ४१५ चे ३९० होतील, त्याखाली नाही. लांबलचक लाइन आणि पेलवत नाही इतका भार घेतलेली डीपी, अशा ठिकाणी शेवटच्या विहिरीवर ३०० व्होल्ट आले, तर तेवढेच पाणी उपसायला मोटर ८ ऐवजी ११ अँपिअर ओढते. उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तार तीन पदरी असेल तर अडीच पट. आणि दर १० अंश तापमानवाढीमागे तारेच्या वेष्टणाचे आयुष्य साधारण निम्मे होते. मग कापसाची बोंडे धरताना नेमके एक पाणी हुकते.

मुलुंड-भांडुपलाही महावितरणच वीज देते. कंपनी एकच, पण तिथे लिफ्ट आणि पंप चालतील असे व्होल्टेज मिळते. आपल्याला २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचे बिल माफ झाले. बरे झाले. पण बिल माफ केल्याने व्होल्टेज वाढत नाही, आणि मोटर भरण्याची पावती कोणी माफ करत नाही. फुकटची पण अपुरी वीज शेवटी महागच पडते.

म्हणून प्रत्येकाने एवढे करावे. मोटर भरायला टाकताना जुन्या तारेचे गेज, पदर आणि वजन लिहून घ्यावे, नवी तार तितकीच भरते का ते तोलून पाहावे. जाडी मोजताना वार्निश खरवडून मोजावी. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम घातले तर क्षेत्रफळ १.६ पट लागते आणि ते त्याच खाचेत मावत नाही, हे मिस्त्रीला सांगावे. स्टार्टरचा रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवावा, डायरेक्ट करू नये.

आणि गावातल्या प्रत्येक डीपीवरच्या शेवटच्या विहिरीचे व्होल्टेज रोज तारीख-वेळ घालून वहीत लिहावे. ती वही घेऊन वीज कार्यालयात जावे, पोच घ्यावी. मिस्त्रीचा दोष तराजू दाखवील, लाइनीचा दोष ही वही दाखवील. दोन्ही हातात असले म्हणजे मोटर जळाल्याचा ठपका शेतकऱ्यावर ठेवायला कोणाला जागा उरणार नाही.