पाकिटातले बी आणि परसातले बी

रोहिणी नक्षत्र लागले की गोमंतकातील गृहस्थाचे लक्ष आभाळाकडे आणि गृहिणीचे लक्ष परसाकडे वळते. लाकूडफाटा आत घेतला जातो, कोकमे, मिरच्या, मीठ यांची बेगमी होते आणि मृगाची पहिली सर येण्यापूर्वी भेंडी, तवशी, दोडकी यांच्या बियांची आठवण निघते. पूर्वी ही आठवण माजघरातल्या मडक्याकडे किंवा चुलीवरच्या उतरंडीकडे नेत असे. आज ती शेती-अवजारांच्या दुकानाकडे नेते. तेथे रंगीत पाकिटांची ओळच्या ओळ टांगलेली असते. प्रत्येक पाकिटावर एक तुकतुकीत वांगे किंवा सरळसोट भेंडी छापलेली असते आणि घेणारा चित्र पाहून पाकीट उचलतो. लग्न जुळवताना नुसते छायाचित्र पाहून होकार देणारा बाप आम्हांस अविचारी वाटतो. पण बियाण्याच्या बाबतीत आपण सारेच तसे वागत असतो.

हा विषय क्षुल्लक आहे, अग्रलेखाच्या योग्यतेचा नाही, असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. या राज्याच्या स्वयंपाकघरात रोज शिजणारी भाजी बहुतांशी बेळगावच्या बाजारातून घाट उतरून येते. फलोत्पादन महामंडळाच्या सवलतीच्या दुकानांतील भाजीचीही मुख्य मदार त्याच बाजारावर आहे. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, सीमा बंद झाल्या आणि भाजीच्या गाड्या अडकल्या, तेव्हा ही परावलंबनाची किंमत प्रत्येक घराला कळली. त्या दिवसांत कित्येकांनी अंगणातल्या कुंड्यांतून आणि पडीक परसांतून माती उकरली. माती होती, पाणी होते, हातांना सवडही होती. नव्हते ते बी. चार भेंड्यांच्या बियांसाठी शेजाऱ्याच्या दारी जावे, तर त्याच्याकडेही रिकामे मडके. ज्या प्रांतात घरोघरी बी राखले जात होते, त्या प्रांताची ही अवस्था विचार करावयास लावणारी आहे.

बी राखण्याची ही विद्या कोठल्याही शाळेत शिकवली जात नव्हती. वेलीवरचे पहिले, निकोप तवसे काढायचे नाही, ते पिवळे होऊन पिकेपर्यंत राखायचे. त्याच्या बिया राखेत घोळून शेणाबरोबर भिंतीला थापायच्या. दुधीच्या वाळक्या कवचातच बी ठेवायचे. भेंडीची शेंग झाडावरच करकरीत वाळू द्यायची. अळसांदे राख लावून मडक्यात भरायचे. धूर आणि राख यांमुळे कीड दूर राहते आणि ओल कमी होते, हे त्या आजींना कारणमीमांसेशिवाय ठाऊक होते. आजचे बीजशास्त्रही निराळे सांगत नाही. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की तिचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा त्या शास्त्रातील सर्वमान्य ठोकताळा आहे. आमच्या किनाऱ्यावरील पावसाळी हवेत उघडे पाकीट कपाटात ठेवणारा सुशिक्षित गृहस्थ आणि चुलीवर बी टांगणारी त्याची आजी यांत अधिक शास्त्रीय कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

या बियांची वार्षिक हजेरी चतुर्थीच्या माटोळीत होत असे. गणपतीच्या डोईवर टांगलेली तवशी, दोडकी, घोसाळी, भोपळे, चिबूड ही नुसती आरास नव्हती. त्या घराच्या जमिनीत काय पिकते याचा तो हिशेब होता. आज बाणस्तारीच्या किंवा म्हापशाच्या बाजारातून माटोळीचे सामान विकत आणून दोऱ्याला बांधले जाते. भक्ती तीच असेल. पण माटोळी आता घरच्या शेतीचा नव्हे तर बाजाराचा हिशेब सांगते.

येथपर्यंत वाचून, आम्ही संकरित बियाण्याविरुद्ध मोहीम उघडीत आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. जे जुने ते सोने असे म्हणणे सोपे असते, कारण त्यात कष्ट नसतात. 1964 मध्ये जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्याचा उद्योग उभारला. त्याच्या आरंभी भेंडीच्या सुधारित वाणाचे बी होते. 1973 मध्ये बंगळूरहून संकरित टोमॅटो आणि ढोबळी मिरची बाजारात आली. 1988 च्या नव्या बियाणे धोरणाने भाजीपाल्याच्या परदेशी बियाण्यास दारे उघडली. या वाटचालीमुळे भाजी मुबलक झाली, ती वर्षभर मिळू लागली आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. भेंडीवरील हळद्या रोगाने मळेच्या मळे पिवळे पडत, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती आणि बंगळूरच्या संस्थेची अर्का अनामिका हे रोगाला दाद न देणारे वाण उपयोगी पडले. ही दोन्ही वाणे संकरित नाहीत. त्यांचे बी राखून पुन्हा पेरता येते, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे.

सुधारित आणि संकरित हा भेद दुकानात कोणी समजावून सांगत नाही. संकरित बी म्हणजे दोन निवडक आईबापांचे पहिल्या पिढीचे अपत्य. ते जोमदार असते. पण त्याच्या फळातले बी पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत आजा-आजींचे गुणदोष वेगवेगळे फुटतात आणि एका ओळीत दहा तऱ्हांची झाडे उगवतात. म्हणून संकरित बी दरवर्षी विकत घ्यावेच लागते. ज्याला बाजारात एकसारखा माल न्यायचा आहे, त्याला हा खर्च परवडतो. ज्याला घरच्या पाच माणसांपुरती भाजी हवी, त्याने हा वार्षिक कर का भरावा?

दुसरा प्रश्न जागेचा आहे, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. पाकिटातले बी कोठल्या मातीसाठी घडवले आहे? घाटमाथ्यावरील काळ्या, कोरड्या रानात नावाजलेला टोमॅटो आमच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत आणि दमट हवेत लावला की एके दुपारी भरल्या पानांनिशी माना टाकतो आणि चार दिवसांत संपतो. हा जिवाणूंमुळे होणारा मर रोग. अशा झाडाच्या खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली, तर रोग निश्चित समजावा. त्यावर औषध फवारून पैसे घालवण्यात अर्थ नाही. उपाय बी घेतानाच करावयाचा असतो. टोमॅटोत अर्का आभा, अर्का आलोक. वांग्यात अर्का निधी, अर्का केशव ही मर सोसणारी वाणे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण दुरंगी ही माठाची जात, कोकण तारा हे कारले, कोकण हरिता हा दोडका आणि शीतल ही काकडी या किनाऱ्याच्या पावसापाण्यातच वाढलेली आहेत. आणि आमची स्वतःची वाणे? ताळगावचे आणि आगशीचे वांगे, सात शिरांची भेंडी, तांबडी भाजी यांची परीक्षा तर कित्येक पिढ्यांच्या पावसाने घेतलेली आहे. खोल्याच्या आणि हरमलच्या मिरचीस भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. पण मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून मिरची टिकत नाही, ती बी राखणाऱ्या हातांनी टिकते.

तेव्हा दुकानात गेलेल्याने काय पाहावे? चित्र सर्वांत शेवटी पाहावे. प्रथम उगवणशक्तीची तपासणी कधी झाली ती तारीख आणि वापराची मुदत पाहावी. प्रमाणित बियाण्याच्या दाखल्याची मुदत तपासणीपासून 9 महिन्यांची असते. निळी खूणचिठ्ठी असल्यास बी प्रमाणित आहे असे समजावे. फिकट हिरवी असल्यास ते सत्यदर्शक चिठ्ठीचे आहे, म्हणजे त्याच्या गुणांची हमी खुद्द विकणाऱ्याची आहे. नंतर उगवणीचा टक्का. भेंडीस किमान 65, वांगी व टोमॅटोस 70, मिरचीस आणि काकडी, दोडका, कारले यांस 60 टक्के उगवण असावी, असे देशात ठरवलेले प्रमाण आहे. घरी आल्यावर 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. निम्म्याही फुटल्या नाहीत, तर पावती घेऊन दुकान गाठावे. पावतीचा आग्रह धरण्यास आपण संकोचतो, आणि तोच संकोच निकृष्ट मालाचा आश्रयदाता ठरतो. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेले बी औषध लावलेले असते. त्याला हात लावल्यावर हात धुवावेत आणि ते मुलांपासून दूर ठेवावे.

किती घ्यावे, हाही प्रश्न आहे. वांग्याच्या 1 ग्रॅम बियांत सुमारे 200 दाणे असतात आणि एका कुटुंबास 10-12 झाडे पुरतात. उरलेले पाकीट पुढच्या वर्षी निकामी ठरते. वाड्यावरील पाच घरांनी मिळून पाच पाकिटे घेतली आणि वाटून पेरली, तर प्रत्येकाच्या परसात पाच भाज्या होतील आणि खर्च एकाच पाकिटाचा येईल. वायंगणीच्या मळ्यांत शेजारधर्माने पाणी वाटून घेणाऱ्या गावांस ही गोष्ट अवघड वाटू नये.

येथे कायद्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. 1966 च्या बियाणे कायद्याने पहिल्या गुन्ह्यास घातलेली दंडाची कमाल मर्यादा 500 रुपयांची होती. अशा दंडाने कोणता व्यापारी कापणार? तो कायदा बदलण्याचे 2004 आणि 2019 मधील प्रयत्न तडीस गेले नाहीत. 2025 च्या नोव्हेंबरात केंद्राने आणखी एक मसुदा लोकांपुढे ठेवला. बोगस बी विकणाऱ्यास जरब बसलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु नोंदणीच्या आणि परवान्याच्या जाळ्यात मोठा व्यापारी सुटावा आणि तांबड्या भाजीचे मूठभर बी शेजारणीला देणारी बाई अडकावी, असे होता कामा नये. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या 39 व्या कलमाने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि व्यापारी नाममुद्रेशिवाय विकण्याचाही हक्क दिलेला आहे. नवा कायदा केव्हाही होवो, हा हक्क तसूभरही कमी होऊ नये, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे.

मात्र जो हक्क वापरला जात नाही तो कागदावरच वाळतो. म्हणून सरकारला आमच्या दोन सूचना आहेत. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयांतून दर मृगापूर्वी स्थानिक वाणांचे तपासलेले बी, वाणाचे नाव आणि गाव लिहिलेल्या छोट्या पाकिटांतून मिळावे. जे शेतकरी ते राखतात त्यांस रास्त मोबदला मिळावा. कला व संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत, रानातून ओरबाडून आणलेल्या दुर्मीळ फळांपेक्षा स्पर्धकाने स्वतः पिकवलेल्या आणि बी राखलेल्या भाज्यांस अधिक गुण असावेत. यांपैकी कशासाठीही मोठा निधी लागणार नाही. लागेल ती थोडी इच्छा.

आणि वाचकांस? आम्ही पाहतो की, चांगली भेंडी कोवळी असताना कढईत जाते आणि हंगामाच्या शेवटी उरलेली, वाकडी, किडकी शेंग बियांसाठी ठेवली जाते. उरल्यासुरल्याचे बी धरले तर पुढची पिढीही उरलीसुरलीच निघणार. पेरावे तसे उगवते, ही म्हण याच अर्थाने खरी आहे. या मृगावर दुकानातून जे घ्यावयाचे ते डोळसपणे घ्यावे. पण निदान एक भाजी तरी अशी लावावी की जिचे बी शेजारच्या घरातून, मामाच्या गावाहून किंवा बाजारात स्वतःचे पिकवलेले विकावयास बसलेल्या बाईकडून आलेले असेल. आणि त्या वेलीवरचे सर्वांत देखणे फळ कोणी कितीही मागितले तरी तोडू नये. ते पिकू द्यावे. पुढील वर्षी रोहिणीत मडक्याचे झाकण काढल्यावर आत काही असावे, एवढीच अपेक्षा आहे.